खेळावा असा खेळ
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रस्तरीय परिषदेपुढील व्याख्यान)



मुलांना "कोणता खेळ खेळता?" असे विचारण्याचा शाळेतील प्रघात जुना आहे; त्याचे उत्तर मात्र पालटले आहे. पूर्वी विटीदांडू, लगोरी, हुतूतू, आट्यापाट्या अशी नावे येत. आज त्यांच्या जोडीला, आणि पुष्कळदा त्यांच्या अगोदर, मोबाइलच्या पडद्यावरील एखाद्या खेळाचे नाव येते. ते ऐकताच शिक्षकाच्या कपाळाला आठी पडते आणि संभाषण तेथेच संपते. मूल गप्प होते. परंतु त्याचा खेळ थांबत नाही. तो केवळ शिक्षकाच्या दृष्टीआड जातो.

हा पडद्यावरचा खेळ घरात शिरला कसा, हे विसरून चालणार नाही. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शाळेनेच मुलांच्या हाती मोबाइल देण्यास पालकांना सांगितले. त्या वेळी तो पाटी होता, फळा होता आणि गुरुजींचा आवाजही होता. शाळा पुन्हा उघडल्या, परंतु मोबाइल परत गेला नाही. यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीच्या दिवसांत आईवडील सकाळीच शेतावर जातात; घरी मुलाजवळ आजी असते आणि कित्येक घरांत मोबाइल असतो. त्याच मोबाइलवर बँकेचा निरोप येतो, त्याच मोबाइलवरून बियाण्याचे पैसे दिले जातात, आणि त्याच मोबाइलवर मूल खेळते. तेव्हा मुलाने पडद्यावर खेळावे की न खेळावे, एवढाच प्रश्न आता उरलेला नाही. खेळावा असा खेळ कोणता आणि खेळू नये असा कोणता, हे मुलाला ओळखता येते की नाही, हा खरा प्रश्न आहे. ही ओळख करून देणे हे शिक्षकाचे काम होय.

त्यासाठी लागणारे माप दुरून आणावयास नको. ते शाळेच्या मैदानातच आहे. विदर्भात रुजलेला आट्यापाट्यांचा खेळ पाहावा. या खेळास चेंडू लागत नाही, दांडू लागत नाही. जमिनीवर आखलेल्या रेषा पुरतात. नऊ आडव्या पाट्या आणि त्यांना मधोमध छेदणारी सुरपाटी, एवढेच त्याचे साहित्य. पाटी धरणाऱ्याने आपल्या पाटीबाहेर जावयाचे नाही, आणि चढाई करणाऱ्याने हुलकावणी देऊन, त्याचा हात न लागता पाटी ओलांडावयाची. नियम एका श्वासात सांगून होतो. परंतु त्या नियमातून उभे राहणारे प्रसंग वर्षानुवर्षे खेळूनही संपत नाहीत. हे चांगल्या खेळाचे पहिले लक्षण होय: नियम थोडे, प्रसंग अगणित.

दुसरे लक्षण असे की, बाद झालेल्या मुलाला आपण का बाद झालो हे तत्काळ कळते. उजवीकडे झुकण्याचा आव आणला, पण नजर डावीकडे गेली आणि पाटी धरणाऱ्याने ती हेरली. दोष नशिबाचा नाही, आपल्या चालीचा आहे. आणि पुढच्या डावात तो सुधारता येतो. चुकीची शिक्षा हलकी आणि चुकीचे कारण स्पष्ट, अशी शाळा दुसरी क्वचितच सापडेल. तिसरे लक्षण हे की खेळाला शेवट असतो. डाव संपतो, मुले हातपाय धुऊन घरी जातात. आणि मैदानावरून परतलेले मूल गेले त्याहून काकणभर अधिक चपळ, अधिक सावध झालेले असते.

थोडे नियम व अनंत प्रसंग, कळणारी चूक, आणि काहीतरी देऊन संपणारा डाव, या तीन कसोट्यांवर देशी खेळ उतरले, म्हणूनच ते टिकले. यवतमाळच्या शेजारी अमरावतीस १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांचे प्रात्यक्षिक जगापुढे केले. कबड्डीला १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत स्थान मिळाले; आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली, तीत भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. ज्या खेळाला दोन खांब व चार रेषा पुरतात, तो खेळ गरिबाचा म्हणून लहान ठरत नाही.

आता पटावरील एक उदाहरण घेऊ. आज मुले ज्याला सापशिडी म्हणतात, तो मूळचा भारतीय मोक्षपट किंवा ज्ञानचौपड होय. महाराष्ट्रातील परंपरा त्याचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते. त्या पटाच्या घरांवर सद्गुणांची व दुर्गुणांची नावे असत. शिडी कोणत्या गुणाने चढावयाची व साप कोणत्या दोषाने गिळतो, हे खेळता खेळता वाचले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट इंग्लंडात गेला आणि पुढे घरांवरील नावे गळून पडली. राहिला तो केवळ फासा. त्यात खेळणाऱ्याला निवड नाही, कौशल्य नाही. दान पडेल तसे जावयाचे. रूप तेच राहिले, आशय गेला. यावरून एक गोष्ट ध्यानात येते: खेळाचे मोल त्याच्या रंगात नसून तो खेळणाऱ्याच्या मनाला कोणते काम देतो यात असते.

हेच माप पडद्यावरील खेळास लावून पाहू. या खेळांचा जन्म बाजारात झाला नाही. १९५८ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाच्या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांचे मन रमावे म्हणून, विद्युत्‌लहरी दाखविणाऱ्या यंत्राच्या लहानशा काचेवर टेनिसचा खेळ मांडला. एक ठिपका, एक जाळे आणि दोन बटणे, एवढाच तो होता. तरी लोकांनी त्यापुढे रांगा लावल्या.

यापुढचे थोर उदाहरण टेट्रिसचे. १९८४ मध्ये मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी तो रचला. चार समान चौकोन कडेला कड लावून जोडले असता, आरशातील प्रतिमा वेगळी धरून, सातच आकृती होतात. त्या वरून एकेक खाली येतात. त्या फिरवून खाली अशा बसवावयाच्या की आडवी ओळ भरावी. ओळ भरली की ती नाहीशी होते. न भरली तर रचलेला ढीग वर वर चढतो. येथे कोणी शत्रू नाही, गोष्ट नाही, लालूच नाही. आपलीच मागची घाई आपल्या पुढे अडचण होऊन उभी राहते, आणि ती कोणी केली हे खेळणाऱ्यास पुरते ठाऊक असते. चाळीस वर्षांहून अधिक काळ हा खेळ जगभर खेळला जात आहे, याचे कारण आट्यापाट्यांहून निराळे नाही.

आणि या खेळाचे मर्म वर्गात आणावयास यंत्र लागतच नाही. चौकटीच्या कागदावरून पुठ्ठ्याच्या त्या सात आकृती मुलांकडून कापून घ्याव्यात. सात आकृतींचे मिळून चौकोन झाले २८. मग चार चौकोन रुंद व सात चौकोन लांब असा आयत आखून त्यात साती आकृती बसविण्यास सांगावे. मुले तासभर झटतील, बसणार नाहीत. "जमत नाही" असे म्हणू लागली की बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे आयतात एकाआड एक घरे काळी रंगवून घ्यावीत. काळी १४, पांढरी १४. सातांपैकी सहा आकृती कशाही ठेवल्या तरी दोन काळी व दोन पांढरी घरे झाकतात. उरलेली एक, जीत तीन चौकोनांच्या रांगेच्या मधल्या चौकोनास चौथा चिकटलेला आहे, ती मात्र एका रंगाची तीन व दुसऱ्याचे एक घर झाकते. बेरीज १५ व १३ होते. १४ व १४ कधीही होणार नाही. "मला जमत नाही" आणि "हे होणेच शक्य नाही" यांतील भेद ज्या मुलाला या वयात एकदा उमगला, त्याला गणिताचे दार उघडले असे समजावे.

सर्वच चांगले खेळ असे निरलंकार नसतात. २०११ मध्ये स्वीडनमध्ये पूर्ण होऊन प्रसिद्ध झालेल्या माइनक्राफ्टमध्ये मूल घनाकार ठोकळे खणते, रचते आणि त्यांतून घरे, पूल व गावे उभी करते; त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. तो मुळात ओल्या मातीचा किल्लाच आहे, फक्त पडद्यावर बांधलेला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याची नायिका ही धाकट्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी असून, त्यातील वास्तू राजस्थानी शिल्पाची व चित्रे पहाडी शैलीची आठवण देतात. लढाईच्या प्रसंगांमुळे तो लहान मुलांसाठी नव्हे. परंतु आपल्या भूमीच्या कथांतूनही असा खेळ रचता येतो, हे त्याने दाखविले. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेने २००७ मध्ये खुली केलेली 'स्क्रॅच' ही विनामूल्य रचना तर मुलांनाच खेळ रचावयास शिकविते. ज्या शाळेत संगणक आहे तेथे पाचवीच्या मुलाने गोफणीने पाखरे हाकण्याचा एवढासा खेळ जरी रचला, तरी दुसऱ्याने रचलेल्या खेळाची कळ कोठे असते हे त्याला उमजेल.

आता नाण्याची दुसरी बाजू. खेळाचा वेष घेतलेले पुष्कळ काही आज मोबाइलवर आहे, जे वरील कसोट्यांस उतरत नाही. त्याचा डाव संपत नाही. उद्या न आल्यास मिळालेले जाईल अशी भीती तो घालतो. जिंकणे चालीवर नव्हे तर पैसे भरण्यावर ठरते. आत काय आहे हे न सांगता पेटी विकली जाते. अशा पेट्या बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार म्हणून बेकायदा ठरविल्या. आणि सर्वांत घातक तो, ज्यात पणच पैशाचा असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. त्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, मनाई केली. आणि ई-क्रीडा व शैक्षणिक खेळ यांना मात्र उत्तेजन देण्याचे ठरविले. म्हणजे कायद्यानेही खेळ आणि जुगार यांत रेषा ओढली आहे. परंतु कायदा प्रत्येक ओसरीवर येऊन बसत नाही. ज्या घरात पेरणीचे पैसे मोबाइलच्या खात्यात आहेत, तेथे ती रेषा मुलाच्या मनात उमटलेली असणे हेच खरे संरक्षण होय.

त्याबरोबरच अतिरेकाचा शिक्काही उतावीळपणे मारू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश आहे. परंतु खेळावरचा ताबा सुटणे, अन्य सर्व गोष्टींपेक्षा खेळास अग्रक्रम मिळणे, हानी दिसत असूनही तो चालूच राहणे, आणि हे सारे सामान्यतः वर्षभर टिकणे, अशी त्याची लक्षणे दिली आहेत. सुटीत चार दिवस रमलेले मूल रोगी नव्हे. मात्र झोप, जेवण, अभ्यास व मैदान यांतून जे मूल हळूहळू नाहीसे होऊ लागते, त्याच्या घरी शिक्षकाने अवश्य जावे.

पडद्यावरचा चांगल्यात चांगला खेळही मैदानाची जागा घेऊ शकत नाही, हे सांगणे नलगे. धाप लागणे, गुडघा फुटणे, भांडण होऊन ते मिटणे, हे शिक्षण मातीतच मिळते. कोलामी, गोंडी वा बंजारा बोली घरी बोलणारे मूल शाळेच्या भाषेत बोलावयास संकोचते. पण पाटी ओलांडताना त्याला भाषेची अडचण येत नाही, आणि तेथे मिळालेला धीर ते वर्गात घेऊन येते.

तेव्हा शिक्षकांनी तीन गोष्टी कराव्यात. मुले जो खेळ खेळतात तो एकवार स्वतः खेळून पाहावा. न वाचलेल्या पुस्तकावर मत देऊ नये, तसेच हेही. मग वर्गात मुलांनाच विचारावे: या खेळात तू का हरलास ते तुला कळते काय? हा खेळ संपतो काय? तो तुझ्याजवळ काय मागतो, आणि तुला काय देतो? आणि तिसरे, या प्रश्नांची उत्तरे पालकसभेत मुलांनीच आपल्या तोंडाने सांगावीत, अशी योजना करावी.

ज्या मुलाला हे चार प्रश्न विचारावयाची सवय लागली, त्याच्या हाती मोबाइल असला तरी ते मोबाइलच्या हाती जाणार नाही. असे मूल घडले, तर शिक्षकाने विचारलेल्या "कोणता खेळ खेळता?" या प्रश्नावर ते गप्प होणार नाही, उलट जवळ येऊन खेळ समजावून सांगेल, आणि गुरुजींनाही डावात घेईल.