हंसराजाचा काढा आणि जुना खोकला



पाऊस लागला की ओढ्याच्या काठी, दरडीच्या सावलीत, जुन्या विहिरीच्या चिऱ्यांत एक नाजूक झाड उगवते. देठ बारीक, काळाभोर आणि चकचकीत. पाने अर्ध्या चंद्रासारखी. पानावर पाणी टाका. थेंब घरंगळून जातो, पान काही भिजत नाही. हा हंसराज. संस्कृतात याला हंसपदी म्हणतात.

याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. मग याचा वंश वाढतो कसा? पान उलटे करून पाहा. कडेला तपकिरी पट्टी दिसेल. तिच्यात धुळीसारखी भुकटी असते. ती वाऱ्याने उडते, ओल्या जागी पडते आणि तिच्यातूनच पुढे नवे रोप होते. पानाचा शेंडा जमिनीला टेकला, तर तिथेही मुळे फुटतात.

चरकसंहितेत घशाला हितकर अशी दहा औषधे सांगितली आहेत. त्यांत हंसपदी आहे. घसा बसला, खोकला झाला, तर वैद्य हंसराजाचा काढा देतात. धावऱ्यावर पाला वाटून लेप लावतात. पण ओळख पक्की नसेल तर पाला तोडू नका. असेच दिसणारे दुसरे पाले पुष्कळ आहेत. गरोदर बाईने तर वैद्याला विचारल्यावाचून काढा घेऊच नये.

आता मुख्य गोष्ट ऐका. खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन घटते, थुंकीत रक्त दिसते, तर काढ्यावर बसून राहू नका. तो क्षय असू शकतो. काढ्याने घशाला आराम पडेल, पण क्षयाचे जंतू मरणार नाहीत. तोवर रोगी खोकत राहतो आणि घरातल्या लेकरांना लागण होते.

सरकारी दवाखान्यात थुंकी फुकट तपासतात. क्षयाचे औषधही फुकट मिळते. ते बहुतेकांना सहा महिने घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

आता तुम्हांला आकडे वाचता येतात. खोकला सुरू झाला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. तिथून 14 दिवस मोजा. पंधराव्या दिवशीही खोकला असेल, तर दवाखान्याची वाट धरा.