बसायच्या जागेचे पैसे



मुंबईत नोकरी लागली की घरात हिशोबाची वही उघडते. लातूर असो, जळगाव असो नाहीतर कणकवली, त्यातले रकाने ठरलेले असतात. कॉट बेसिसवरच्या जागेचं भाडं, डिपॉझिट, डबा, लोकलचा पास, घरी पाठवायचे पैसे. संध्याकाळी सातनंतर काय, हे कुणी लिहीत नाही. मग पहिला पगार होतो, ऑफिसातली मंडळी शुक्रवारी बाहेर निघतात, आपणही निघतो, आणि वीस तारखेला खात्यातली शिल्लक बघून पोटात गोळा येतो. घरचे म्हणतात, उधळपट्टी. मला हा शब्द अन्यायाचा वाटतो.

तालुक्याच्या गावी मित्रांना भेटायला काय लागतं? देवळाचा पार असतो, एसटी स्टँडसमोरची टपरी असते, कुणाच्या तरी घराची गच्ची असते. रात्री अकराला निघालात तरी चालत दहा मिनिटांत घरी. मुंबईत एक मित्र विरारला, दुसरा कल्याणला, तिसरा पनवेलला राहतो. एका खोलीत चार खाटा, आणि पाहुणा आणायचा नाही अशी मालकाची अट. भेटायचं तर बसायला जागा हवी, आणि ती जागा विकत घ्यावी लागते. पबमध्ये किंवा कॅफेत आपण जे मोजतो, त्यातला मोठा हिस्सा त्या दोन-तीन तासांच्या टेबलाचा असतो. नवख्या शहरात एकट्या पडलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला माणसं हवी असतात, त्यासाठी तो हे पैसे देतो. ही गरज खरी आहे. म्हणूनच तिला वहीत जागा द्यायला हवी.

आता बिलाकडे बघू. पदार्थांवर जीएसटी लागतो. मद्य घेतलं तर त्यावर राज्याचा व्हॅट, जो परमिट रूममध्ये 2023 च्या नोव्हेंबरपासून पाच टक्क्यांवरून दहा टक्के झाला. पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले तर भांडून उपयोग नाही. हॉटेलं आणि उपाहारगृहांना तसं करता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निकाल आहे. तेव्हा साधं पाणी मागावं, बिनदिक्कत मागावं. सर्व्हिस चार्जची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो आपोआप बिलात चढवता येत नाही, ग्राहकाच्या इच्छेवर आहे, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते उचलून धरलं. द्यायचा नसेल तर काढायला सांगा.

पण खरा फटका बिलात बसत नाही, परतीच्या वाटेवर बसतो. मुंबईची शेवटची लोकल रात्री एकच्या आसपास सुटते, पहिली पहाटे चारनंतर. बार दीडपर्यंत चालू. या अर्ध्या तासाने कितीतरी पगार खाल्ले आहेत. लोअर परळहून बोरिवलीला लोकलचं साधं तिकीट दहा-पंधरा रुपयांचं. पण शेवटची लोकल चुकली, तर तिथे रिक्षाही मिळत नाही, कारण शहर भागात रिक्षांना परवानगीच नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं भाडं 2025 च्या फेब्रुवारीपासून किमान 31 रुपये झालं, आणि मध्यरात्री बारा ते पहाटे पाच त्यावर पंचवीस टक्के जादा. म्हणजे तेच अंतर सातशे रुपयांच्या घरात जातं. ॲपवरच्या गाडीचा दर त्या वेळी किती चढेल, सांगता येत नाही. बाहेर पडताना पहिली ठरवायची गोष्ट म्हणजे परतीची गाडी. सात वाजता भेटून साडेअकराला उठलेला घोळका काही कमी हसलेला नसतो.

मुलींच्या बाबतीत हा हिशोब आणखी कडक होतो. रात्री महिलांच्या डब्यात पोलीस असतो हे खरं, पण स्टेशनपासून खोलीपर्यंतची गल्ली असतेच. मुलगा शेवटच्या लोकलने जाऊन उरलेलं अंतर चालत काढतो. त्याच टेबलावर, त्याच पगाराची मैत्रीण दारापर्यंत गाडी करते, कारण तिच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. म्हणजे एकाच संध्याकाळसाठी ती त्याच्याहून कितीतरी जास्त मोजते, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बिल सारखं वाटून घेतलं की आपल्याला वाटतं न्याय झाला. मला हा न्याय अपुरा वाटतो.

आजचे पब ज्या कमला मिल, मथुरादास मिल, फिनिक्स मिलच्या आवारात आहेत, तिथे एके काळी कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार राबत होता. तोही घर सोडून आलेला, त्याच्याही खोलीत माणसं पाळीपाळीने झोपायची. खाणावळीचे पैसे आणि गावची मनिऑर्डर गेल्यावर त्याच्या हातात फार काही उरत नसे. तरी त्याच्या रात्री सुन्या नव्हत्या. भजनी मंडळं, व्यायामशाळा, नमन, दशावतार, परळच्या दामोदर हॉलमधली कामगारांची नाटकं, हे सारं त्याने वर्गणी काढून, घामाच्या पैशातून उभं केलं. गिरण्या गेल्या, जागा महागली. पण चार माणसांनी थोडे-थोडे पैसे आधी बाजूला काढून आपली रात्र आपणच उभी करायची, ही त्याची रीत आजही चालण्यासारखी आहे.

फुकटाची मुंबईही अजून पुष्कळ शिल्लक आहे. शिवाजी पार्कचा लांबलचक कट्टा आहे, मरीन ड्राइव्ह आहे, तिथे सायकलवरून चहा विकणारे येतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास काळा घोडा महोत्सवात गाणं, नाच, नाटक विनामूल्य बघता येतं. रमजानमध्ये मोहम्मद अली रोड रात्रभर जागा असतो. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहातल्या नाटकाचं तिकीट पबच्या एका माणशी बिलापेक्षा बहुतेक वेळा स्वस्तच पडतं, आणि प्रयोग सुटल्यावर दादरहून दोन्ही मार्गांची लोकल मिळते. महिन्यातून एकदा पब, बाकीच्या संध्याकाळी हे, अशी वाटणी केली तर कुणाची मैत्री तुटत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र कडकपणे सांगतो. कमी पडलेले पैसे क्रेडिट कार्डावर ढकलू नका. नुसती किमान रक्कम भरत राहिलात, तर बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास जातं. जूनमधला वाढदिवस दिवाळीपर्यंत फेडत बसावा लागतो. त्यापेक्षा ग्रुपवर सरळ लिहावं, 'माझं बजेट आठशे, त्यात बसेल असं ठिकाण बघा.' हे लिहायला मन धजत नाही, मला माहीत आहे. पण एकाने लिहिलं की मागोमाग दोघं-तिघं हुश्श करतात. तेही तेच म्हणायच्या बेतात असतात.

आईवडिलांनो, तुमचं लेकरू फोनवर म्हणालं की काल उशीर झाला, तर आधी एवढंच विचारा की घरी कशाने आलास, कशाने आलीस. आणि मित्रांनो, या शुक्रवारी बिल वाटून घ्याल तेव्हा मैत्रिणीच्या टॅक्सीचं भाडंही त्यातच धरा.