करार कोणाचा पवित्र?
अमेरिकेतील बँकांचा बचाव आणि कामगारांचे गमावलेले हक्क
(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

एरवी अभ्यासवर्ग घेऊन समजावून सांगावी लागणारी गोष्ट काही वेळा रस्त्यावरच्या माणसाला आपोआप दिसू लागते. अमेरिकेत २००८ च्या सप्टेंबरमध्ये असा प्रसंग आला. राज्यसंस्था कोणाची, या प्रश्नाचे उत्तर तेथील सामान्य माणसाला स्वतःच्या घराच्या हप्त्यावरून आणि पगाराच्या चिठ्ठीवरून मिळू लागले. त्यातून उसळलेला संताप कोठे वाया गेला आणि कोठे फळाला आला, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम घटनाक्रम पाहू. अमेरिकन बँकांनी कर्जदाराची ऐपत न पाहता घरांसाठी कर्जे वाटली, त्या कर्जांचे रोखे बनवून ते जगभर विकले आणि त्या रोख्यांवर पुन्हा विम्याच्या नावाखाली सट्टा खेळला. घरांच्या किमती उतरताच हा सारा इमला ढासळला. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला फेडरल रिझर्व्हने ८५ अब्ज डॉलरांचे कर्ज देऊ केले आणि त्या बदल्यात कंपनीची जवळजवळ ८० टक्के मालकी सरकारकडे आली. त्यानंतर अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी ७०० अब्ज डॉलरांची मागणी करणारा मसुदा अमेरिकन संसदेपुढे ठेवला. तो जेमतेम तीन पानांचा होता, आणि मंत्र्यांच्या निर्णयाविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे कलम त्यात होते. मंत्री होण्यापूर्वी हे पॉल्सन गोल्डमन सॅक्स या बलाढ्य वित्तसंस्थेचे प्रमुख होते. वित्तभांडवल आणि राज्ययंत्रणा यांची सरमिसळ कशी असते हे दाखवावयास आणखी पुरावा नको.

लोकप्रतिनिधींवर पत्रांचा आणि दूरध्वनींचा अक्षरशः पूर लोटला. २९ सप्टेंबर रोजी प्रतिनिधिगृहाने हे विधेयक २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळले. त्याच दिवशी शेअरबाजाराने आपले मत नोंदविले: डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला. मग देखरेखीच्या काही तरतुदी आणि करसवलती जोडलेले सुधारित विधेयक ३ ऑक्टोबर रोजी २६३ विरुद्ध १७१ मतांनी मंजूर झाले. जनतेच्या मतापेक्षा बाजाराचे मत जड ठरावयास चार दिवस पुरले.

बोनसचा करार

आपल्याकडे बोनस म्हटले की दिवाळीपूर्वी कामगारांनी झगडून मिळविलेली रक्कम डोळ्यांपुढे उभी राहते. १९६५ च्या कायद्याने तिचे किमान प्रमाण ठरले, ते ८.३३ टक्क्यांवर आले. वॉल स्ट्रीटवरील बोनस ही निराळीच चीज आहे. न्यूयॉर्क राज्याचे ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी जुलै २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, सरकारी मदत घेणाऱ्या नऊ बड्या बँकांनी २००८ या आपत्तीच्या वर्षासाठी ३२.६ अब्ज डॉलरांचे बोनस वाटले.

परंतु लोकांच्या संतापाचा कडेलोट झाला तो मार्च २००९ मध्ये, एआयजीच्या बोनसमुळे. ज्या विभागाच्या सट्टेबाजीने कंपनी बुडाली, त्याच विभागातील अधिकाऱ्यांना, ते सोडून जाऊ नयेत म्हणून, १६.५ कोटी डॉलर दिले गेले. कंपनीची जवळजवळ ८० टक्के मालकी सरकारची, पैसा करदात्यांचा. तरीही हे वाटप थांबविता येत नाही, असे सांगण्यात आले. राष्ट्राध्यक्षांचे आर्थिक सल्लागार लॅरी समर्स यांनी दूरदर्शनवरील मुलाखतीत सांगितले की, हा कायद्याचा देश आहे, करार झालेले आहेत आणि सरकार ते सहज मोडू शकत नाही. या बोनसवर ९० टक्के कर लावणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने मंजूर केले. पण सिनेटने ते मतालाही घेतले नाही.

कॉम्रेड्स, करार पवित्र असतात हे सरकारचे वाक्य ध्यानात ठेवून आता याच वर्षी झालेला दुसरा व्यवहार पाहा.

दात आणि डोळ्यांचा करार

जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या मोटार कंपन्यांना बुश सरकारने डिसेंबर २००८ मध्ये १७.४ अब्ज डॉलरांचे कर्ज दिले. बँकांना पैसा देताना तेथील कारकुनांचे पगार कोणी विचारले नव्हते. येथे मात्र कामगारांचे वेतन आणि कामाचे नियम परदेशी कंपन्यांच्या अमेरिकेतील, बहुतांशी युनियन नसलेल्या, कारखान्यांच्या पातळीवर आणण्याची अपेक्षा कर्जाच्या अटींतच नमूद झाली. पुढे ओबामा सरकारच्या काळात ३० एप्रिल २००९ रोजी क्रायस्लर आणि १ जून रोजी जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या.

मोटार कामगारांच्या युनियनला जे सोडावे लागले त्याची यादी लांब आहे. महागाईनुसार होणारी वेतनवाढ थांबली. २०१५ पर्यंत संप न करण्याचे बंधन आले. निवृत्त कामगारांच्या दात आणि डोळ्यांच्या उपचारांचा खर्च बंद झाला. त्यांच्या औषधोपचारासाठी कंपन्यांनी जो निधी रोखीने द्यावयाचा होता, त्यातील मोठ्या भागाऐवजी त्याच डबघाईस आलेल्या कंपन्यांचे शेअर गळ्यात मारले गेले. २००७ च्या करारात आधीच दुफळीचे बीज पेरले गेले होते: जुन्या कामगाराला तासाला सुमारे २८ डॉलर, तर त्याच पट्ट्यावर उभ्या राहणाऱ्या अनेक नव्या कामगारांना सुमारे १४. नव्यांना पूर्वीचे पेन्शनही नाही आणि निवृत्तीनंतरचा औषधोपचारही नाही. सुटे भाग बनविणाऱ्या डेल्फी कंपनीतील युनियनबाहेरच्या सुमारे २० हजार पगारदार कर्मचाऱ्यांपैकी अनेकांच्या पेन्शनला मोठी कात्री लागली. मोटार कामगार युनियनच्या सभासदांची तूट मात्र जनरल मोटर्सने भरून दिली.

कारखाने चालू राहिले, लाखो रोजगार वाचले, हे नाकारण्याचे कारण नाही. या कंपन्यांच्या रोखेधारकांनाही झळ लागली. परंतु बोनसचा करार मोडता येत नाही आणि निवृत्त कामगाराच्या दातांचा करार मोडता येतो, हा न्याय कोणत्या कायद्याचा? कायद्याच्या पुस्तकात त्याचे उत्तर नाही. ते वर्गसत्तेत आहे.

‘पैसे तर परत आले’

यावर भांडवली अर्थपंडितांचे ठरलेले उत्तर असे की, बँकांनी सरकारचे पैसे व्याजासह परत केले, मग तक्रार कसली? बँकांपुरते ते खरे आहे. जनरल मोटर्सच्या व्यवहारात सरकारला १० अब्ज डॉलरांहून अधिक तोटा आला. तो करदात्यांनी सोसला. पण खरा प्रश्न हिशेबाच्या दुसऱ्या बाजूचा आहे. बँकांना त्यांचे भांडवल परत मिळाले, पत परत मिळाली, बोनस परत मिळाले. ज्यांची घरे लिलावात गेली त्यांना ती कोणी परत दिली? ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील बेकारी १० टक्क्यांवर गेली होती. त्या बेकारांचे ते दिवस कोणी भरून दिले? अर्थशास्त्रज्ञ इमॅन्युएल साएझ यांच्या हिशेबाप्रमाणे २००९ ते २०१२ या काळात जी उत्पन्नवाढ झाली तिच्यातील ९५ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांनी घेतला. ‘परतफेड’ झाली ती अशी.

एक शहर, दोन संताप

आता संतापाविषयी. शिकागो शहरात अडीच महिन्यांच्या अंतराने दोन घटना घडल्या.

पहिली डिसेंबर २००८ मधील. रिपब्लिक विंडोज अँड डोअर्स या खिडक्या-दारे बनविणाऱ्या कारखान्यातील सुमारे अडीचशे कामगारांना अवघ्या तीन दिवसांच्या सूचनेवर काढून टाकण्यात आले. कायद्याने ६० दिवसांची सूचना आवश्यक होती. बँक ऑफ अमेरिकाने कारखान्याचा कर्जपुरवठा बंद केला होता. आणि याच बँकेला सरकारी मदतीतून २५ अब्ज डॉलर मंजूर झाले होते. कारखान्यातून यंत्रे हलविली जात आहेत, हे कामगारांनी आधीच हेरले होते. गिरण्या-कारखाने बंद होताना पाहिलेल्या आपल्याकडील कामगारालाही ही खूण परिचित आहे. ५ डिसेंबर रोजी, काम संपल्यावर, हे कामगार घरी गेलेच नाहीत. त्यांत बहुसंख्य लॅटिन अमेरिकन वंशाचे आणि कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष होते. बँकांना वाचविले आणि आम्हांला विकले, ही त्यांची घोषणा देशभर पोहोचली. सहा दिवसांनी बँकांनी माघार घेतली: आठ आठवड्यांचे वेतन, साठलेल्या रजांचे पैसे आणि दोन महिन्यांचा आरोग्यविमा कामगारांनी मिळविला. पुढे २०१२ मध्ये नव्या मालकानेही कारखाना बंद केला, तेव्हा त्यांच्यापैकी काहींनी स्वतःची सहकारी संस्था उभारली.

दुसरी घटना १९ फेब्रुवारी २००९ ची. त्याच शहराच्या वायदेबाजारातून दूरचित्रवाणीवरील एका भाष्यकाराने संतापून विचारले की, शेजाऱ्याचे थकलेले गृहकर्ज आम्ही का भरावे? बाजारातल्या दलालांनी टाळ्या वाजविल्या आणि ‘टी पार्टी’ नावाच्या उजव्या चळवळीला तेथून जोर चढला. लोकांचा राग खरा होता. पण तो बँकेकडून वळवून हप्ता थकलेल्या शेजाऱ्याकडे नेण्यात आला. सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये जमलेल्या तरुणांनी तो पुन्हा वॉल स्ट्रीटकडे वळविला आणि ९९ टक्क्यांची भाषा रूढ केली, हे त्यांचे श्रेय. परंतु कारखान्यात आणि कचेरीत पाय रोवलेली संघटना मागे नसल्याने पोलिसांनी दोन महिन्यांत ते मैदान रिकामे केले.

रिपब्लिकचे कामगार मोजके होते. तरी ते जिंकले, कारण त्यांची युनियन होती, मागणी नेमकी होती आणि शत्रू कोण हे त्यांनी अचूक ओळखले होते.

आपल्यासाठी बोध

मोटार कामगारांना गेलेले परत मिळविण्यास १४ वर्षे लागली. १५ सप्टेंबर २०२३ रोजी त्यांनी तिन्ही मोठ्या कंपन्यांविरुद्ध एकाच वेळी संप पुकारला. करारकाळात २५ टक्के वेतनवाढ आणि महागाईनुसार वाढ पुन्हा मिळाली. वेतनातील दुफळी बव्हंशी मोडली. मात्र २००७ नंतर लागलेल्यांचे पेन्शन आणि निवृत्तीनंतरचा औषधोपचार याही वेळी परत आला नाही.

नोकरीला लागल्याच्या तारखेवरून कामगारांत भिंत घालण्याची ही युक्ती आपल्याला परकी नाही. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेत (सैन्यदले वगळता) लागलेल्यांचे जुने पेन्शन गेले. महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून तेच केले. एकाच कचेरीत शेजारी बसणाऱ्या दोन कारकुनांची म्हातारपणे निराळी झाली. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील राज्य कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले तेव्हा, स्वतःचे पेन्शन शाबूत असलेले जुने कर्मचारी नव्यांच्या बरोबरीने उभे राहतील तेवढेच त्या लढ्याचे बळ, हा प्रश्न प्रत्येक कचेरीपुढे होता.

तेव्हा कॉम्रेड्स, जनतेच्या संतापाचे कौतुक करून आपले काम संपत नाही. भांडवलशाही हा संताप स्वतःच निर्माण करते. त्याला शेजाऱ्याविरुद्ध वळविण्याची साधनेही तिच्यापाशी आहेत. पगाराच्या चिठ्ठीतील प्रत्येक कपात कोणाच्या खात्यात जमा झाली हे आकड्यांनिशी दाखविणे, आणि जुना व नवा, कायम व कंत्राटी कामगार एका युनियनमध्ये आणणे, हे काम आपले आहे. जेथे ते आधी झालेले होते, तेथे सहा दिवसांत बँका नमल्या. जेथे झालेले नव्हते, तेथे निवृत्त माणसाच्या औषधाची बाटलीही सुरक्षित राहिली नाही.