कोंबडीचा घसा घरघरला, तर…

आपल्या जालना जिल्ह्यात दारात चार-सहा कोंबड्या नाहीत असं घर कमीच. शेतीचा पैसा घरधन्याच्या हाती जातो, पण अंड्यांचा पैसा बहुधा आपल्या हातात असतो. म्हणून कोंबडी आजारी पडली की नुकसान आधी आपलं होतं. आज बोलू या कोंबडीच्या श्वासाबद्दल.

रात्री खुराड्यातून घरघर, शिंका किंवा शिट्टीसारखा आवाज आला, तर सकाळची वाट न बघता त्या कोंबडीला बाजूला काढा. डालग्याखाली ठेवा, बाकीच्यांपासून दूर, वारा झोंबणार नाही पण हवा खेळेल अशा जागी. तिचं पाण्याचं भांडं वेगळं ठेवा. आधी धडधाकट कोंबड्यांचं करा, शेवटी आजारीचं, आणि मग साबणाने हात धुवा.

नाक चिकटलं असेल तर कोमट मिठाच्या पाण्यात फडकं भिजवून हलकेच पुसा. मऊ भात किंवा भिजवलेल्या कण्या पुढे ठेवा, ताजं पाणी ठेवा. एक मात्र करू नका. चोच उघडून तेल, काढा ओतू नका. धाप लागलेल्या कोंबडीच्या श्वासनळीत ते उतरलं तर जागीच जीव जातो.

आता नीट बघा. उन्हाळ्यात दुपारी कोंबडी चोच उघडून, पंख पसरून धापा टाकते. सावली आणि पाणी मिळताच शांत झाली, तर तो उन्हाचा त्रास. तोंड सुजलं, डोळा मिटला, नाकातून घाण वास येणारा चिकट स्राव येतो, तर ती संसर्गाची सर्दी. तोंडात पिवळसर चट्टे आणि तुऱ्यावर फोड असतील, तर देवी. आठवडेच्या आठवडे घरघर चालू, खाणं कमी आणि अंडी घटलेली, तर श्वासाचा जुनाट आजार असू शकतो. सर्दी आणि जुनाट आजाराला औषध आहे, पण ते डॉक्टरांनी सांगितलेलं. घरात उरलेली माणसाची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नका. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हेही डॉक्टरांना विचारा.

एकदा खाली बसून खुराड्यात तोंड घालून बघा. आपले डोळे चुरचुरले, तर कोंबड्या रात्रभर त्याच हवेत असतात. ओली विष्ठा काढा, कोरडा भुसा टाका, वरच्या बाजूला हवेला वाट ठेवा.

सगळ्यात वाईट ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून हे नाव पडलं. श्वास लागतो, हिरवट पातळ विष्ठा होते, मान वाकडी होते, आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि साधारण आठ आठवड्यांनी आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. लस निरोगी कोंबडीलाच द्यायची.

अडचण इथेच येते. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची लस असते. ती थंड ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? पण गटातल्या दहा-बाराजणींनी एक सकाळ ठरवली, तर कुपी पुरेपूर वापरली जाते. गावच्या पशुसखीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला तारीख विचारा. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातही सल्ला मिळतो.

आणि एक मनाला टोचणारी गोष्ट. कोंबडी मरायला टेकली की वाटतं, बाजारात विकून टाकू, निदान शंभर-दोनशे तरी येतील. पण भोकरदनच्या किंवा अंबडच्या बाजारात विकलेली ती कोंबडी दुसऱ्या बाईच्या खुराड्यात रोग घेऊन जाते. तीही आपल्यासारखीच, अंड्यांच्या पैशावर वही-पेन घेणारी.

जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, मुरुंबा गावात कोंबड्या पटापट मेल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. म्हणून एकदम जास्त कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, तर उघड्या हाताने शिवू नका, कापू नका, नाल्यात फेकू नका. पोरांना लांब ठेवा आणि लगेच दवाखान्याला कळवा. १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करता येतो.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक कागद घ्या. कोणाकडे किती कोंबड्या, किती पिल्लं, शेवटची लस कधी, एवढंच लिहा. त्याच कागदावर लसीची तारीख टाका, आणि ज्या शेजारणी गटात नाहीत त्यांनाही बोलवा. रोग गटाची वही बघून येत नाही.