चौरंग उलथले त्या दिवशी



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘येशू ख्रिस्ताच्या जीवनातील प्रमुख घटना’. विषय समितीने ठरवला, मी नुसता हो म्हटलं. पण माझी उमेदवारी बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर गेली, हे समितीने लक्षात घ्यायला हवं होतं. असा माणूस शुभवर्तमान वाचायला बसला की त्याची नजर आधी देवळाच्या अंगणातल्या सराफांवर जाते. (हशा) तेव्हा माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना शेवटची बस गाठता येईल. येशूने यरुशलेमच्या मंदिरात सराफांचे चौरंग उलथून टाकले, त्या दिवशी त्याच्या मरणावर शिक्का बसला. बाकीच्या घटना त्या दिवसाच्या अलीकडे-पलीकडे लावून पाहाव्यात, असा माझा आग्रह आहे.

जन्माचं मी सांगत नाही. बेथलेहेम, गव्हाण, मेंढपाळ, पूर्वेकडचे ज्ञानी, सगळं तुम्ही नाताळात दुकानांच्या काचांमागे पाहिलंय. हिशोबापुरतं एकच. मत्तयाचं शुभवर्तमान म्हणतं, येशू हेरोद राजाच्या हयातीत जन्मला. हेरोद वारला इसवी सनापूर्वी 4 मध्ये. म्हणजे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व! (हशा) सहाव्या शतकात रोममध्ये डायोनिसियस नावाच्या मठवासी पंडिताने सनाची मांडणी केली, त्यात काही वर्षांची गफलत राहिली. तिच्यावरच आपल्या मुदतठेवी पिकतायत.

पुढे यार्देन नदीत योहानाच्या हातून बाप्तिस्मा, मग अरण्यातले चाळीस दिवस. योहानाचं शिर हेरोद अंतिपाने, म्हणजे त्या हेरोद राजाच्या मुलाने, का उडवलं, तर शुभवर्तमानं वाढदिवसाच्या मेजवानीतला नाच सांगतात. जोसीफस हा त्याच शतकातला यहुदी इतिहासकार निराळं कारण देतो. योहानाभोवती गर्दी जमत होती, आणि अंतिपाला बंडाची धास्ती वाटली. ही गर्दी लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे. डोंगरावरचं प्रवचन, दाखले, आजाऱ्यांना बरं करणं यावर इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. ज्यांना सगळं क्रमाने हवं असेल त्यांनी फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ वाचावं. ओवीची गोडी असेल तर फादर स्टीफन्सचं 1616 सालचं ‘क्रिस्तपुराण’ आहे, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. माझ्याकडे पाऊण तास आहे.

गालीलात मात्र मला थोडं थांबू द्या. 1986 साली तिथे मोठी अवर्षणाची वेळ होती. गालीलच्या सरोवराचं पाणी खूप मागे हटलं, आणि काठच्या वस्तीतल्या दोन मच्छीमार भावांना चिखलात लाकडाची एक कड दिसली. निघाली नाव, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. लांबी सव्वाआठ मीटर, रुंदी सव्वादोन. उकरायला घेतली तोवर सरोवराचं पाणी परत चढायला लागलं, म्हणून अकराच दिवसांत रात्रंदिवस खपून काम उरकलं. लाकूड इतकं भिजलेलं की उचललं तर भुगा व्हायचा. मग तिच्याभोवती फेसाचं कवच चढवलं आणि तिला चक्क पाण्यावर तरंगवत नेलं. नंतर वर्षानुवर्षं मेणासारख्या रसायनात बुडवून ठेवली. (समोरून कोणीतरी : ‘तीच येशूची का?’) नाही हो, तसा काही पुरावा नाही, पर्यटकांना तसं सांगतात खरं. मला त्या नावेतली सुतारी जास्त मोलाची वाटते. डझनभर जातींचं लाकूड तिच्यात सापडलं. जुन्या नावांच्या फळ्या काढून बसवलेल्या, ठिगळावर ठिगळ. शेवटी कामाचं ते सगळं उपसून घेतलं आणि सांगाडा पाण्यात ढकलून दिला. ज्या मालकाला एक सलग फळी परवडत नव्हती, त्याच्याच गावाच्या वाटेवर जकातदार बसलेला असे. कफर्णहूमच्या जकातनाक्यावरचा लेवी आठवा. येशूने त्यालाही ‘चल’ म्हटलं, आणि मच्छीमारांबरोबर एका पंगतीला बसवलं. त्या पंगतीत पहिल्या दिवशी काय संवाद झाला असेल! (हशा) अंतिपा तेव्हा तिबिर्या शहर उठवत होता. नासरेथपासून सहा किलोमीटरवरचं सेफोरिस त्याने आधीच सजवलं होतं. या दोन्ही शहरांत येशू गेल्याचं शुभवर्तमानं कुठे सांगत नाहीत. तो गावं धरून हिंडला.

चिठ्ठी आलीय, ‘नाव पुरे, मुद्द्यावर या’. खाली सही नाही, अक्षर अध्यक्षांचं दिसतंय. (हशा)

तर यरुशलेम. दिवस वल्हांडण सणाचे. हेरोदाने वाढवलेल्या मंदिराचा चौथरा सुमारे पस्तीस एकरांचा, बाहेरच्या अंगणात कोणालाही प्रवेश. प्रत्येक प्रौढ यहुदी पुरुषाने वर्षाला अर्धा शेकेल मंदिराला द्यायचा, आणि तो सोर शहराच्या नाण्यात. त्या नाण्यावर मेल्कार्त या परक्या देवाचा चेहरा, तरी मंदिराला चालायचं, कारण चांदी नव्वद टक्क्यांहून जास्त. आता रोमहून, मिसरहून, बाबेलहून आलेला यात्रेकरू हातात काय घेऊन येणार? कोणीतरी मोडून द्यायलाच हवं. त्यावर थोडा बट्टाही बसणार. तेव्हा सराफांना चोर ठरवून मोकळं होणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही, धंद्याशी माझी निष्ठा आहे. (हशा) गंमत सोडा. ‘लोभी सराफ’ या चित्रातून पुढे युरोपात यहुद्यांचा अतोनात छळ झाला, ते चित्र आपण टाकून दिलं पाहिजे. येशू स्वतः यहुदी, त्याचे शिष्य यहुदी, लुटले गेलेलेही यहुदी. रोख होता तो मंदिराच्या व्यवस्थेवर. तिच्या वरच्या टोकाला महायाजक, आणि त्याला नेमणारा रोमचा सुभेदार. महायाजकाची सणाची वस्त्रंसुद्धा रोमी पहाऱ्यात, मंदिराला खेटलेल्या अंतोनिया किल्ल्यात ठेवलेली असत. येशूच्या वेळचा महायाजक कयफा त्या पदावर अठरा वर्षं टिकला. वरच्या साहेबाशी किती जुळवून घेतलं असेल, ते सरकारी नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

मार्क म्हणतो, येशूने सराफांचे चौरंग आणि पारवे विकणाऱ्यांच्या बैठका उलथल्या. पारवा हे गरिबाचं अर्पण. लूक लिहितो की येशूच्या जन्मानंतर त्याच्या आईबापांनीही पाखरांची जोडीच वाहिली होती. पस्तीस एकरांत चार चौरंग उलथून व्यवहार काही थांबला नसणार. पण देवड्यांच्या छतांवर रोमी शिपाई उभे, खाली सणाची गर्दी. पूर्वी एकदा याच सणात हेरोदाच्या दुसऱ्या एका मुलाने तीन हजार माणसं कापली होती, असं जोसीफस सांगतो. अशा अंगणात एका गालीलकराने हात उचलला.

कोणी म्हणेल, नुसत्या बोलण्यानेही त्याला मारलं असतं. ऐका. इसवी सन 62 च्या सुमारास आणखी एक येशू उभा राहिला, हनन्याचा मुलगा, साधा शेतकरी. तोही याच मंदिरात, सणाच्या दिवसांत, मंदिराच्या नाशाची हाक देत फिरला. पुढाऱ्यांनी त्याला धरून सुभेदारापुढे नेलं. हाडं दिसेपर्यंत फटके मारले आणि वेडा म्हणून सोडून दिलं. नाव तेच, जागा तीच, हाकही जवळपास तीच, पण तो सुटला. फरक दोनच. त्याच्यामागे माणसं नव्हती आणि त्याने कशाला हात लावला नव्हता. (टाळ्या)

त्याच शतकाची पुढची पानं पाहा. 66 साली रोमविरुद्ध बंड पेटलं तेव्हा बंडवाल्यांनी हनन्या नावाच्याच एका माजी महायाजकाचं घर जाळलं आणि लगोलग दप्तरखाना पेटवला, कर्जखतं नष्ट करायला. सुप्याच्या शेतकऱ्यांनी 1875 मध्ये सावकारांची खतं जाळली, ते तुम्हाला ठाऊक आहे. मंदिर आणि कर्ज या गोष्टी तिथल्या माणसाच्या मनात लांब नव्हत्या.

दुसरी चिठ्ठी. ‘योहानाचं शुभवर्तमान मंदिराची घटना सुरुवातीलाच घालतं, त्याचं काय?’ अभ्यासू श्रोते असले की वक्त्याची पंचाईत. बरोबर आहे. योहानाच्या क्रमात येशूला मारण्याचा कट शिजतो तो मेलेल्या लाजाराला उठवल्यावर. मी मार्काच्या बाजूने उभा आहे, आणि त्याला कारण आहे. मार्कात चौरंग उलथल्याबरोबर याजक त्याच्या नाशाचा मार्ग शोधू लागतात, चौकशीत साक्षीदार मंदिर पाडण्याचीच गोष्ट सांगतात, आणि क्रुसाखालून जाणारे टवाळखोरही तेच हिणवतात. क्रुसावरची पाटी ‘यहुद्यांचा राजा’ म्हणते, हे मान्य. कचेरीला एक सदर लागतं, सुभेदार पिलाताने आपलं सदर भरलं. (‘मग अर्थशास्त्र झालं, देव कुठे गेला?’) कुठेही गेला नाही, काका. येशूच्या लेखी ते देवाचंच घर होतं, म्हणून तर हात उचलला.

घंटा झाली. आता पळतो. शेवटचं भोजन, गेथशेमाने बाग, तीस रुप्यांना गुरूला विकणारा यहुदा. इथेही रोकड आहेच! पेत्राचा नकार, कयफाकडची रात्र, पिलाताकडची सकाळ. पिलात काल्पनिक नाही, त्याच्या नावाचा शिलालेख 1961 मध्ये कैसरियात मिळाला. क्रुसावर खिळे मारत का, याचा पुरावा 1968 मध्ये यरुशलेमच्या एका थडग्यात निघाला, टाचेच्या हाडात अडकलेला खिळा. माणूस दुसरा, काळ साधारण तोच. साल बहुधा 30 किंवा 33. आणि तिसऱ्या दिवशी रिकामी कबर, तिथे पहिल्यांदा पोचल्या त्या बायका. मग्दालीया मरीयेचं नाव चारही शुभवर्तमानांत आहे. पुढचं श्रद्धेने सांगायचं आहे. त्यासाठी समितीने पुढच्या वर्षी एखाद्या धर्मगुरूंना बोलवावं.

अध्यक्ष उभे राहिले. एकच नोंद, मग बसतो. 70 साली रोमने ते मंदिर जाळलं. मंदिर गेलं, तर अर्धा शेकेल माफ व्हायला हवा की नाही? सम्राट व्हेस्पासियनने तो चालू ठेवला, बायका-मुलांवरही बसवला, आणि त्याची रक्कम रोमच्या जुपिटरच्या देवळात जमा करायला लावली. (हशा) वसुली सुरूच होती, मंडळी.