नकार देणारा खेळाडू

फुटबॉल म्हटलें कीं आपल्याकडील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें पायानें टोलविला जाणारा वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेंत याच नांवाचा जो खेळ आहे त्याचा पायाशीं संबंध फारच थोडा. दोन्ही टोकांस निमुळता असलेला चेंडू छातीशीं कवटाळून एक मुलगा धांवतो, आणि समोरचे अकरा जण त्याला लोळविण्यासाठीं धांवून येतात. शंभर यार्डांचें मैदान. दहा यार्ड पुढें सरकण्यास चार संधि. आणि प्रत्येक संधीस अंगावर अंग आदळणें. १९०५ सालीं या खेळांतील मृत्यु व दुखापती यांचा इतका बभ्रा झाला कीं, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील मंडळींना व्हाइट हाउसमध्यें बोलावून घेतलें. १९०६ मध्यें चेंडू पुढें फेंकण्यास मुभा मिळाली आणि खेळ कांहींसा मोकळा झाला. तिकडील हायस्कुलांचे सामने बहुधा शुक्रवारीं रात्रीं होतात, आणि कित्येक लहान गांवांत त्या रात्रीं गांव मैदानावर लोटतो.

या खेळाडू मुलांवरील कादंबऱ्यांची परंपरा आतां सव्वाशें वर्षांची झाली आहे. तिचें मूळ इंग्रजी शाळाकथांत आहे. टॉमस ह्यूज यांनीं रग्बीच्या शाळेवर १८५७ सालीं लिहिलेली टॉम ब्राउनची गोष्ट जुन्या वाचकांस आठवत असेल. राल्फ हेन्री बार्बर यांच्या १८९९ च्या ‘दि हाफ-बॅक’ मधील जोएल मार्च खेड्यांतून शिकावयास येतो, खोटा आळ सोसतो आणि मैदानावर नांव काढतो. पुढच्याच वर्षीं बार्बर यांचें दुसरें पुस्तक निघालें, त्याचें नांव ‘फॉर दि ऑनर ऑफ दि स्कूल’. शाळेची अब्रू हाच या सर्व वाङ्मयाचा कुलाचार. बार्बर यांनीं शंभरांहून अधिक पुस्तकें लिहिलीं, आणि तीं आज वाचवत नाहींत हें स्पष्टच सांगितलेलें बरें. भाषा स्वच्छ आहे, सामन्यांचीं वर्णनें चपळ आहेत. परंतु संघाचा हुकूम एक आणि मुलाचें मन दुसरेंच सांगतें आहे, असा प्रसंग त्यांत सहसा येत नाहीं.

तो प्रसंग आणला जॉन ट्यूनिस यांनीं. हे हार्वर्डचे पदवीधर आणि खेळांवर लिहिणारे पत्रकार. त्यांनीं ‘आयर्न ड्यूक’ प्रौढांसाठीं म्हणून लिहिली. १९३८ सालीं प्रकाशकांनीं ती मुलांची कादंबरी म्हणून बाजारांत आणली, याचें त्यांना वैषम्यच वाटलें. चार वर्षांनीं, १९४२ मध्यें, ‘ऑल-अमेरिकन’ प्रसिद्ध झाली. तिचा नायक रॉनी पेरी हा खासगी अकॅडमीचा विद्यार्थी. गांवच्या सार्वजनिक हायस्कुलाशीं सामना चाललेला असतां तो व त्याचा सोबती प्रतिपक्षाच्या सर्वांत कुशल खेळाडूवर, मेयर गोल्डमन या ज्यू मुलावर, तुटून पडतात आणि त्या मुलाच्या मानेस गंभीर इजा होते. अकॅडमींत मात्र जखमी मुलाच्या जातीवरून कुचेष्टा चालते. रॉनीला तें असह्य होतें. तो अकॅडमी सोडून त्याच हायस्कुलांत नांव घालतो, आणि तेथें त्याच्याशीं कोणी बोलावयास तयार नसतें. कादंबरीचा हा भाग फार चांगला उतरला आहे. पश्चात्ताप झाला म्हणजे समोरच्यानें लगेच पोटाशीं धरलेंच पाहिजे, असा भाबडेपणा लेखकानें केलेला नाहीं.

पुढें याच हायस्कुलाच्या संघास फ्लॉरिडांतील मायामी येथें खेळण्याचें आमंत्रण येतें. अट एवढीच कीं, संघांतील नेड लरॉय या काळ्या मुलास सोबत आणूं नये. रॉनी जाण्याचें नाकारतो. ही अट लेखकाच्या कल्पनेंतली नव्हती. बोस्टन कॉलेजचा लू मॉन्टगोमेरी हा काळा खेळाडू १९४० च्या जानेवारींत डॅलस येथील कॉटन बोल सामन्यांत खेळूं शकला नाहीं, आणि १९४१ मध्यें न्यू ऑर्लिअन्सच्या शुगर बोलमध्येंही तोच प्रकार झाला. त्या वेळीं खुद्द अमेरिकन सैन्यांतही काळ्या व गोऱ्या शिपायांच्या पलटणी निराळ्या असत. ती प्रथा मोडण्याचा हुकूम १९४८ च्या जुलैंत निघाला. म्हणजे ट्यूनिस यांनीं सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडून जें करविलें, तें वडीलधाऱ्यांच्या सरकारनें सहा वर्षांनीं मनावर घेतलें. ट्यूनिस यांस मधूनच व्याख्यान देण्याची संवय आहे, तेवढी वाचकानें सोसावी.

रॉबर्ट कॉर्मिअर यांच्या १९७४ च्या ‘दि चॉकलेट वॉर’ या कादंबरीचा आरंभ फुटबॉलच्या सरावानें होतो. त्यांत जेरी रेनो हा कृश मुलगा पुनःपुन्हां आपटला जातो आणि पुनःपुन्हां उठतो. शाळेच्या निधीसाठीं चॉकलेटें विकण्यास तो नकार देतो, आणि या नकाराचा शेवट विजयांत होत नाहीं.

याहून साधी आणि जिव्हाळ्याची कादंबरी म्हणजे क्रिस क्रचर यांची ‘रनिंग लूज’, १९८३ ची. क्रचर यांचें बालपण आयडाहो संस्थानांतील कॅस्केड या लहान गांवीं गेलें. पुढें त्यांनीं दुःखी मुलांवर व कुटुंबांवर मानसोपचार करण्याचें काम केलें. त्यांचा लूई बँक्स अशाच एका गांवांत राहतो. संघाचा कोच, ज्याचा शब्द गांवांत प्रमाण, मुलांना सुचवितो कीं प्रतिपक्षाच्या काळ्या खेळाडूला जायबंदी करून मैदानाबाहेर काढलें पाहिजे. लूईचा एक सोबती तें करतो. लूई भर सामन्यांत ओरडून निषेध करतो आणि संघ सोडतो. यानंतर जें घडतें तें मनाला लागतें. कोच म्हणतो, असें कांहीं आपण बोललोंच नाहीं. मुख्याध्यापक कोचची बाजू घेतात. खेळणें हाच ज्याचा अभिमान, त्या मुलाला आतां संघाशिवाय दिवस काढावयाचे असतात. त्याच्या घरीं मात्र कोणी त्याला माफी मागावयास धाडीत नाहीं. मुलांच्या कादंबऱ्यांत आईबाप बहुधा दाराशीं उभे केलेले असतात. येथें ते घरांत आहेत.

नकार नेहमीं मोठ्या अन्यायालाच असतो असें नाहीं. कॅथरिन गिल्बर्ट मर्डॉक यांच्या २००६ च्या ‘डेअरी क्वीन’ मधील डी. जे. श्वेंक ही विस्कॉन्सिनमधील शेतकऱ्याची मुलगी. बाप दुखण्यानें अडलेला, म्हणून गाईंचें दूध तीच काढते. घरांत कोणी कोणाशीं मोकळें बोलत नाहीं. शेजारच्या शाळेच्या खेळाडूला सराव देतां देतां तिला वाटूं लागतें कीं आपणही खेळावें, आणि ती मुलग्यांच्या संघांत नांव देते. पुस्तक हंसत हंसत वाचावें असें आहे.

त्याच वर्षीं रॉबर्ट लिप्साइट यांची ‘रेडर्स नाइट’ आली. हे ‘न्यू यॉर्क टाइम्स’ चे खेळांवरील स्तंभलेखक होते. हें पुस्तक मोठ्या मुलांसाठींच आहे. संघनायक मॅट शरीर बळकट दिसावें म्हणून स्टिरॉइडें घेतो. सरावाच्या शिबिरांत एका धाकट्या खेळाडूवर लैंगिक अत्याचार होतो, आणि मॅटला तें ठाऊक असतें. मोठीं माणसें प्रकरण मिटवावयास पाहतात. हंगाम तोंडावर आलेला असतो. मॅट सराव करतो, सामने खेळतो, आणि ज्याच्याविषयीं बोलावयास हवें तो मुलगा समोर दिसला कीं मान खालीं घालतो.