‘मर’ आणि ‘ठ’



साहित्य शिकवणारी बाई संगणकाच्या भाषेवर बोलणार म्हटल्यावर काही चेहऱ्यांवर हसू दिसते आहे. ते असू द्या. मी बोलणार आहे ते माझ्याच एका चुकीबद्दल.

आमच्या एका विद्यार्थिनीने इंदूरच्या मराठी घरांतली १९१८-१९च्या सुमाराची पत्रे मिळवली, स्वतः टंकली आणि कोणता शब्द किती वेळा येतो हे पायथन या भाषेत मोजले. यादीत ‘मर’ बराच वर होता. काळ इन्फ्लुएन्झाच्या साथीचा. ‘मरणे’ या धातूची ही रूपे असावीत असे धरून तिने पत्रांवरच्या मृत्यूच्या छायेविषयी एक परिच्छेद लिहिला. परिच्छेद चांगला उतरला होता. मी सही केली.

पुढे त्याच यादीत ‘ठ’ हाही शब्द म्हणून मोजलेला दिसला. पत्रात नुसते ‘ठ’ कोण लिहील? आम्ही ‘मराठी’ हा एकच शब्द यंत्राला दिला. उत्तरात दोन शब्द आले: ‘मर’ आणि ‘ठ’.

पायथनबरोबर जी तयार साधने मिळतात, त्यांना स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. खेळण्याबरोबर सेलही द्यावेत तशी ही भाषा साधनांसकट येते, असा तिच्या कर्त्यांचा अभिमान. मी तिला मिसळणाचा डबा म्हणेन. हात घातला की रोजचे सगळे सापडते. तारखांचा हिशेब, तक्ते वाचणे, दोन पाठांतले फरक दाखवणे, छोटी माहितीपेटी सांभाळणे. आमच्या महाविद्यालयाच्या संगणककक्षात परवानगीशिवाय बाहेरचे काही बसवता येत नाही. तिथे हा डबा नसता तर त्या मुलीचे काम सुरूच झाले नसते. आणि हा डबा मराठीला अगदीच परका नाही. ‘१९१८’ हे देवनागरी अंक तो कसलीही तक्रार न करता संख्या म्हणून वाचतो.

मग शब्द का मोडला? शब्द शोधणाऱ्या साधनाने ‘अक्षर’ ठरवताना फक्त युनिकोडमधली अक्षरे आणि अंक घेतले. काना, वेलांटी, हलन्त यांची गणना युनिकोड ‘चिन्हां’त करते, म्हणून तिथे तिथे शब्द तुटतो. ‘घराण्यात’चे ‘घर’, ‘ण’, ‘य’, ‘त’ होतात. युनिकोडच्याच शिफारशीत ही चिन्हे शब्दाचा भाग धरली आहेत. गंमत अशी की ‘मराठी’ हे नाव आज्ञावलीतल्या चलाला दिले तर पायथन ते अखंड स्वीकारते. म्हणजे व्याकरणाला कळते ते डब्याला कळत नाही.

ही उणीव २०११ साली कर्त्यांपुढे मांडली गेली होती. पण प्रमाण साधनाची वागणूक बदलली की त्यावर उभे असलेले जगभरचे काम हलते, म्हणून तिथे हात जपून घातला जातो. नको झालेल्या गोष्टीही वर्षानुवर्षे डब्यात राहतात. १९ जुनी साधने अखेर २०२४च्या ३.१३ आवृत्तीत काढली गेली. बाहेरच्या ‘रेजेक्स’ नावाच्या साधनात मराठी शब्द अखंड राहतो. पण ज्याला आपली यादी चुकली हेच कळलेले नाही, तो बाहेर कशाला शोधील? डब्यातले साधन चूक असले तरी बिनबोभाट उत्तर देते, हा मला त्याचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

वर्णानुक्रमाचेही तसेच. साधी क्रमवारी लावली की ‘ळ’ हा ‘ल’नंतर येतो आणि ‘क्ष’ ‘क’मध्ये जाऊन बसतो, आपल्या वर्णमालेत दोघे ‘ह’नंतरचे. ‘ॲसिड’ तर ‘हौस’च्याही पुढे जाते. सूची छापणाऱ्यांनी हे एकदा तपासावे.

बाहेरचे साधन बसवायची परवानगी आम्हाला मिळाली नाही. मुलीने देवनागरीच्या सगळ्या चिन्हांचा पल्ला हाताने लिहून शब्द पुन्हा मोजले. ‘मर’ खाली गेला आणि ‘मराठी’ वर आला. तो परिच्छेद तिने स्वतःच खोडला आणि मी दुसऱ्यांदा सही केली, या खेपेला यादी वाचून.